माडीवरची न्हाणी

प्रफुल्लनं जिन्यातच जंगलू मिस्त्रीचं घमेलं अडवलं.

"खाली लाकडी सरे, वर फळ्या, अन् त्याच्यावर न्हाणी? पानी माह्या डोक्यावर पडलं तं कोन पाहीन?"

"मिस्त्रीले येऊ दे," वरून बाबाराव ओरडले. "घर माह्यंही हाय."

देवळीच्या त्या घरात भाऊ सख्खे होते आणि वैर पक्कं. माडीवर बाबाराव आणि सुलोचना, खाली धाकटा प्रफुल्ल आणि त्याची मयुरी. न्हाणी एकच, अंगणातली पत्र्याची. नऊ वर्षं सुलोचना बादली घेऊन तिच्या दाराशी उभी राहायची आणि मयुरी आतून कडी लावून मुद्दाम वेळ काढायची. मागच्या हिवाळ्यात ओल्या पायरीवरून सुलोचना पडली, तेव्हा मयुरी हसली. ते हसणं बाबारावांच्या काळजात रुतलं. बायकोला माडीवर तिची स्वतःची न्हाणी द्यायचीच, मग भाऊ आडवा पडला तरी बेहत्तर, असं त्यांनी ठरवलं.

आणि भाऊ आडवा पडलाच. फळ्या कुजक्या आहेत म्हणून त्यानं गल्ली गोळा केली; बाबारावांनी फळ्या बदलल्या. फळ्यांखालच्या तुळया, ते सरे, वजन पेलणार नाहीत म्हणाला; बाबारावांनी प्रत्येक सऱ्याला नवा सागवानी जोडसरा ठोकून घेतला. मग नगरपरिषदेत अर्ज देण्याची धमकी देऊन त्यानं फळ्यांवर सिमेंटची शीट टाकायला लावली आणि वॉटरप्रूफिंगचे दोनाऐवजी चार हात द्यायला लावले.

जंगलू वैतागला. "भाऊ, स्लॅबवरही कोनी इतकं करत नाई."

"करून टाक," बाबाराव दातओठ खात म्हणाले. "त्याले बोलाले जागा नको."

ढाळ बघायला प्रफुल्ल स्वतः वर आला. उकिडवा बसून मग्गाभर पाणी ओतलं. कोपऱ्यात रुपयाएवढं पाणी थांबलं, तेवढ्यासाठी त्यानं टाइल्स उखडायला लावल्या. शेवटी जाळीत बोळा कोंबून तीन दिवस पाणी तुंबवून ठेवलं. खाली पलंगावर चढून तो छत चाचपायचा. थेंब आला नाही.

"आता तरी झालं?" बाबारावांनी विचारलं.

"पाच सालात सडते हे," प्रफुल्ल सगळ्या गल्लीसमोर म्हणाला. "फुकट देसान तरी या माडीवर मी झोपनार नाई." आणि तो जिन्यात थुंकला.

पहिल्या दिवशी सुलोचनानं इतका वेळ अंघोळ केली की बाबारावांनी दोनदा हाक मारली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "आता कोनाच्या दाराशी उभं राहाचं काम नाई," ती म्हणाली. बाबारावांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

पण ती थुंकी ते विसरले नाहीत. आठवड्याभरात त्यांनीच वाटणी मागितली. विहारातले दोन वडीलधारे आले, आई अनुसयाबाई मधे बसली. घराची रीत जुनी होती. वाटे थोरल्यानं पाडायचे, उचलायचं आधी धाकट्यानं. धाकटा माडीला शिवणार नाही हे गल्लीलाही ठाऊक होतं, मग हात आखडता कशाला घ्यायचा? एका वाट्यात बाबारावांनी फक्त खालचं घर आणि अंगण घातलं. दुसऱ्यात माडी, आणि तिच्यासोबत मागचा मोकळा प्लॉट, विहीर आणि रस्त्याकडची खोलीसुद्धा.

प्रफुल्ल उसळला. "प्लॉट त्या सडक्या माडीसंगं काऊन?"

"वाटे मी पाडून राह्यलो."

"बदलवा, भाऊ. अजून येळ हाय."

"एक वीतही बदलवत नाई. सही करून देतो."

त्यांनी कागदावर सही केली. वडीलधाऱ्यांनी केल्या. अनुसयाबाईंनी अंगठा उठवला.

"उचल रे लहान्या," ती म्हणाली.

"मले माडी," प्रफुल्ल म्हणाला. "वहिनी, न्हाणीतलं तुमचं सामान आजच काढून घ्या."