पाहणी

थर्माकोलच्या वाट्या-प्लेटा पकडायला पथक राजूरच्या बाजारात फिरून राह्यलंय, हे कानावर आल्यापासून बद्रीनारायणजींचा जीव थाऱ्यावर नव्हता. बंदी असूनही त्यांच्या दुकानामागच्या खोलीत तोच माल छतापर्यंत रचलेला होता.

अशात एक सफारीवाला अनोळखी माणूस दुकानात आला. घेतलं काहीच नाही, नुसता इकडं-तिकडं बघत राहिला. नजर सारखी मागच्या दाराकडं.

"काय पाहिजे?" बद्रीनारायणजींनी विचारलं.

"काही नाही, सहज. घर मागंच आहे ना तुमचं? जरा आत बसलो असतो."

हाच तो पथकाचा साहेब! बद्रीनारायणजी दारात आडवे उभे राहिले.

"साहेब, तुम्ही कशासाठी आलात ते बराबर समजलं मला. पण ते आता आमच्या घरात न्हाई. मागच्याच आठवड्यात रातोरात गेलं. खोटं वाटत असंल तर गावात कुणालाबी विचारा!"

माणूस चपापला आणि हात जोडून निघून गेला. बद्रीनारायणजींना हायसं वाटलं.



संध्याकाळी सोयरीक जुळवणाऱ्या काकांचा फोन आला, "शेठजी, सकाळी मुलाचे वडील तुमच्याकडं आल्ते... तुमची पोरगी कोणासोबत पळून गेली?"