समोरची काच

“मामा, उद्यापासून येऊ नका,” सून म्हणाली.

गाडीची समोरची काच पुसता पुसता मामांचा हात थांबला. तात्या, म्हणजे तिचे सासरे, शेजारीच उभे होते. चपलेत पाय नीट घालायचं निमित्त करून त्यांनी मान खाली घातली.

मामा इमारतीतल्या बारा गाड्या रोज सकाळी धूत. नात्याने कोणाचेच कोणी नव्हते, पण लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. अर्धं पाणी आणि अर्धं व्हिनेगर करून त्यांनी ती काच तीनदा पुसली होती. पांढरे ठिपके निघाले, पण मधली धुरकट वर्तुळं काही जाईनात. मामांनी त्यांवरून नख फिरवून बघितलं.

“ताई, हे पाण्याचे डाग नाहीत. हे कोणीतरी घासलंय. बोअरच्या पाण्याचा थेंब मी काचेवर वाळूच देत नाही. सावलीत धुतो, लगेच कोरडं करतो.”

“मग घासलं कोणी? काल संध्याकाळी समोरून ऊन आलं आणि सायकलवाला मला दिसलाच नाही. थोडक्यात वाचला बिचारा! तुमच्याशिवाय या काचेला हात लावतं कोण, सांगा ना!”

मामांना सांगता येईना. तात्यांना येत होतं. त्यांनी ब्र काढला नाही.

कारण हात तात्यांनीच लावला होता. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासलेला माणूस! काचेतलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही, हा त्यांचा जुना ताठा. आदल्या दिवशी भर दुपारी त्यांना गाडीवर धूळ दिसली. मामांनी सकाळी धुतलेली गाडी त्यांनी पुन्हा धुतली, तीही बोअरच्या पाण्याने, आणि तीही उन्हात. पाणी वाळलं आणि काच ठिपक्याठिपक्यांनी भरून गेली. शहाण्याने तिथे थांबावं की नाही? तात्या घरात जाऊन भिंगं घासायच्या पावडरीची डबी घेऊन आले. डब्या दोन होत्या. बारीक पावडर चकाकी आणायची, जाडसर पावडर भिंग झिजवायची. वरच्या चिठ्ठ्या कधीच्या पुसल्या होत्या आणि तात्यांनी नेमकी जाडसर उचलली. अर्धा तास जीव खाऊन घासलं. वरून पाणी ओतलं, तर ओली काच लख्ख दिसली. स्वारी खूश होऊन वर गेली आणि आडवी झाली.

मामांनी वाद घातला नाही. फडकं पिळून बादलीच्या कडेवर टाकलं. “बरं ताई,” म्हणाले. मग नेहमीसारखं तात्यांकडे बघून, “येतो तात्या.”

“या,” तात्या म्हणाले. तेवढ्याला बरी जीभ उचलली!

गोष्ट तिथेच राहिली असती तर एक वेळ तात्यांनी मनाची समजूत घातली असती. बारातली एक गेली, अकरा आहेत. पण बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मामांना नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी आणखी चौघांनी. काचा खराब करतो म्हणे. तात्या खिडकीतून बघत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतोय. वाचतोय कसलं, एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ. जेवताना सुनेने भाजी वाढली की त्यांना वाटे, आता सांगावं. मग वाटे, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं की त्यांना झोप येत असे. खरं म्हणजे येत नसे, पण ते डोळे मिटून पडत.

चौथ्या दिवशी मामा इमारतीत आलेच नाहीत. उरलेल्या गाड्यांवर धूळ तशीच होती. तात्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. स्वतःची इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. सून पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“काच मी घासली,” ते म्हणाले. “मामांचा काही दोष नाही. त्या दिवशी माझी दातखीळ बसली. मला बोल, हवं तेवढं बोल. पण त्या माणसाला परत बोलाव.”

सुनेच्या हातातली घडी अर्धीच राहिली. ती रागावली नाही. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

“मला माहीत आहे, बाबा. त्या दुपारी मी गॅलरीत होते. तुम्हाला घासताना बघितलं मी.”

तात्या पलंगाच्या कडेवर बसले.

“आणि तरी तू मामांना काढलंस?”

“तुम्हाला तोंडावर कशी बोलणार होते मी? या घरात आल्यापासून कधी बोललेय?” तिने अर्धी घडी मांडीवर टाकली. “वाटलं, त्यांना येऊ नका म्हटलं की तुम्ही मध्ये पडाल. थांबा, ते माझं काम, म्हणाल. मग हसू आणि सोडून देऊ. रोज वाट बघितली तुमची. आता कोणत्या तोंडाने बोलावू त्यांना? तो सगळा राग तुमच्यावरचा होता, बाबा. तुम्ही गप्प राहिलात, आणि मामांना वाटलं, मी त्यांनाच बोलतेय.”