ओळखीचं तोंड

साल त्रेपन्न. चाकणच्या कांदाबाजारात गाडी आधी कुणी लावायची यावरून भांडण पेटलं आणि भर दुपारी कुणीतरी धर्माजीच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. खून साऱ्या बाजारानं बघितला. साक्षीला मात्र त्याची बायको सारजाबाई एकटीच उरली.

पोलीस यायच्या आत दिरांनी हाताला लागले ते पाच-सहा गडी चावडीपुढं उभे केले. "वैनी, भिऊ नका. नीट बघा."

ती बन्सीपाशी थांबली. त्याचा सदरा रक्तानं भरला होता.

"ह्योच! माझ्या धन्यावर वाकला हुता. ह्ये तोंड मी मरस्तोवर इसरायची न्हाई."

"अवो बाई, मी तर..." एवढंच बन्सी बोलला. पुढचं काठ्यांनी बोलू दिलं नाही.

सांजेला बन्सीची बायको रतन धर्माजीच्या दारात आली. "मारलंत ते मारलंत. पर उघड्या डोक्यानं कसं जाळू त्यास्नी? त्यांचं जांभळं मुंडासं तेवढं द्या."

नवऱ्याच्या मढ्याशी बसलेल्या सारजाबाईनं मान वळवली.



जांभळं मुंडासं धर्माजीच्या फुटलेल्या डोक्याला घट्ट आवळून बांधलेलं होतं, रक्त थांबावं म्हणून.