नावानं हाक

कॉम्प्युटरवर माती-तपासणीचा फोल्डर उघडला, तर आत एकही फाइल नव्हती. सुजातानं तो बंद करून पुन्हा उघडून बघितला. चौऱ्याण्णवचा जानेवारी होता, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय नुकताच झाला होता. अशा दिवसांत तिच्यासारख्या दलित वस्तीतल्या मुलीच्या हातून काही पुसलं गेलं, तर हापिसात त्याला कुणी चूक म्हटलं नसतं, मुद्दाम केलं म्हटलं असतं.

तिचा चेहरा बघून तिचे वरिष्ठ दत्तराव साहेब हसले. "गेलं न्हाई काही. फायली दुसऱ्या मशीनवर असत्यात. बराच वेळ कुणी विचारलं न्हाई, की आपलं मशीन त्यांना आपोआप सोडून देतं. मग नुसतं डोकावलं तर घर रिकामं दिसतं. नाव घेऊन हाक मार, लगेच हजर."

तिनं तालुक्याचं नाव, 'जिंतूर', टाइप केलं. सगळ्या फायली समोर आल्या.

संध्याकाळी नामांतरावर चिडलेला जमाव आरडाओरडा करत वस्तीत शिरला. शेजारणीनं घराला बाहेरून कुलूप घातलं आणि सुजाता बापाला घेऊन आत अंधारात, धान्याच्या कणगीमागं दडून बसली. पावलं दाराशी येऊन थांबली.

"कुलूप हाय. रिकामं दिसायलंय, चला."

"थांबा जरा."

हा आवाज मालकांचा होता. बापानं उभा जन्म त्यांच्याच शेतात सालगडी म्हणून काढला होता. मालकांनी रोजच्यासारखी, शांतपणे हाक मारली, "मुंजाजी!"

सुजातानं झडप घालून बापाचं तोंड दाबलं. तोवर "जी मालक" बाहेर पडलं होतं.