मिशीरावाची गोळी

बायको अंघोळीला गेली तेवढ्यात शिंप्याने मेलेल्या मिशीरावाला जाळीने टाकीबाहेर काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं. बाथरूममधला नळ चालू होता तोवरच वेळ होता. गॅलरीतल्या कुंडीत, रुंद पानांच्या झाडाखाली त्याने कात्रीच्या टोकाने माती उकरली, पुडी खोल दाबली आणि वरून माती सारखी केली. मग हात धुऊन तो मशिनवर बसला. कुणाच्या तरी पँटची शिवण वाकडी गेली.

मिशीराव म्हणजे कॅटफिश, टाकीच्या तळाशी राहणारा, रुसून बसलेल्या मामासारख्या तोंडाचा. मुलाने हौसेने आणलेला. टाकीतल्या टोचऱ्या खडीने त्याची एक मिशी झिजली, तेव्हा मुलाने खडी काढून मऊ वाळू घातली होती.

"एवढे लाड कशाला? वरचे मासे सांडतात ते खाईल की," आई म्हणायची.

"आई, तू आणि तो, दोघं सारखेच. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खाणार," मुलगा हसायचा. "त्याला त्याचं वेगळं लागतं. दिवा घालवला की बुडणारी गोळी टाकायची. वरचे झोपलेले असतात, मग तो निवांत खातो."

एके दिवशी मुलगा कामावर गेला आणि घरी आला तो चादरीत गुंडाळलेला. घराची रया गेली. शिंपी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, मशिनवर धूळ साचली. तिने तर अन्नच टाकलं. शेजारणी आल्या, बहीण राहून गेली, डॉक्टर झाले, ती ढिम्म. मग एका सकाळी अचानक तिने विचारलं, "अहो, मिशीरावाने गोळी खाल्ली का?"

शिंपी धडपडत उठला, टाकीशी जाऊन आला. "खाल्ली. वाळू साफ आहे."

"मग चहा टाकते," ती म्हणाली. चहाबरोबर चार घासही तिच्या पोटात गेले.

तेव्हापासून तो नेमच झाला. मिशीराव दिवसभर मातीच्या नळीत दडलेला, दर्शन दुर्मीळ. गोळी संपली म्हणजे तो आहे. तो आहे म्हणजे ती जेवणार. म्हणून तर तो उताणा पडलेला दिसला तेव्हा शिंप्याच्या पायाखालची जमीन सरकली होती.

त्या संध्याकाळी त्याने तिच्यासमोरच दिवा घालवला आणि रिकाम्या तळावर गोळी सोडली. सकाळी तिच्या आधी उठून ती गुपचूप काढायची, असं त्याने ठरवलं होतं. पण उठून बघतो तर बायको आधीच स्वयंपाकघरात. तो टाकीवर वाकला. गोळी नव्हती.

"खाल्ली का?" आतून आवाज आला.

"खाल्ली."

त्याने मासेवाल्याला आडून विचारलं. "तळाचा मासा नसला, तर गोळीचं काय होतं?"

"विरघळते. नाहीतर वरचे टोचून संपवतात," मासेवाला म्हणाला. "नवा देऊ का, काका?"

शिंप्याने दुकानातल्या टाकीतल्या नळ्यांमध्ये वाकून वाकून पाहिलं. एक मिशी झिजलेला त्या माशांत कुणी नव्हता. तो तसाच परतला.

दिवस जात राहिले. रोज सकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर. विचारताना ती टाकीकडे बघायचीच नाही, त्याच्या तोंडाकडे बघायची. टाकीकडे बघवत नसेल बिचारीला, असं त्याला वाटे. कधी तिची बाही कोपरापर्यंत ओली दिसायची. भांडी घासली असतील. कुंडीला पाणी घालायचं कामही तिने स्वतःकडे घेतलं.

"त्या झाडाला तुम्ही हात लावू नका. तुम्ही बदाबदा ओतता."

त्याचा जीव वरखाली झाला. पण पुडी खोल होती, आणि फार आढेवेढे घेतले तर तिला संशय यायचा.

"चहा घ्या आणि मशिनवर बसा," ती म्हणायची. त्याचा कप रिकामा झाल्याशिवाय स्वतःच्या कपाला तोंड लावायची नाही.

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी फसवलं नव्हतं. आता रोज, तिच्या डोळ्यांत बघून. त्याला स्वतःची किळस यायची. मुलगा दुसऱ्यांदा गेला होता आणि या खेपेला रडायलाही तो एकटाच होता.

मग एका सकाळी, "खाल्ली का?" विचारून झाल्यावर, चहा गाळता गाळता ती खाली बसली. पुन्हा उठली नाही.

माणसं आली, गेली. घर खायला उठलं. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, एवढ्याच विचाराला शिंपी धरून होता.

संध्याकाळी हाताला सवय म्हणून त्याने दिवा घालवला आणि गोळी टाकली. सकाळी ती वाळूवर तशीच होती, फुगून मऊ झालेली, पण जिथल्या तिथे. पाणी गार पडलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्या सकाळी तिच्या शेजारी दुसरी. वरचे मासे वरच फिरत होते.

मग तिचं झाड सुकत असेल, हे त्याच्या ध्यानात आलं. तांब्या भरून तो गॅलरीत गेला. पानं माना टाकून मातीवर पडली होती. पाणी मुळाशी जावं म्हणून त्याने ती हाताने बाजूला केली. खाली, मिशीरावाला जिथे पुरलं होतं नेमक्या त्याच जागी, गोळ्यांचा थर होता. जुन्या विरून मातीच झालेल्या, आणि सगळ्यांत वरची, तिच्या शेवटच्या सकाळची, अजून गोल.