रिकाम्या पोटी

“आई, अजून जोरात. काहून थांबून राहिली?”

“चूल फुंकून चार पोरे वाढवली मी, योगेंद्रा. फुंकायला तू शिकवू नकोस.” नळी तोंडातून काढून प्रमोदिनीबाईंनी मुलाला सुनावले.

नेपियर टाउनमधल्या या दवाखान्यात त्या सकाळी आठपासून दर वीस मिनिटांनी यंत्रात फुंकत होत्या. पोटात जंतू माजले, तर ते स्मरणशक्तीला लागणारे बी-बारा हे जीवनसत्त्व खाऊन टाकतात आणि हायड्रोजन सोडतात. तो श्वासात उतरतो. या संबंधावरच डॉक्टर विनीतांचे संशोधन चालले होते. श्वासात हायड्रोजन निघाला, तर बाईंचे विसरणे औषधाने जाणारे होते. न निघाला, तर इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातले घर बंद करून योगेंद्र त्यांना आपल्याकडे नागपूरला नेणार होता. महिन्यात दोनदा गॅस उघडा राहिला होता.

“आजी, रात्रीपासून काही घेतलं तर नाही ना?” विनीतांनी तिसऱ्यांदा विचारले. “चमचाभर साखरही चालत नाही, तिनेही हायड्रोजन वाढतो. पूरा टेस्ट बेकार.”

“किती वेळा सांगायचे? पाण्याशिवाय काही नाही. पूजा केली आणि निघाले.”

“एक दिवस पूजा मी केली असती,” योगेंद्र पुटपुटला.

“तू? तुला आचमन तरी धड येते का? माझे देव माझ्याच हातचे.”

पुढच्या फुंकीला आकडा चढला. त्यापुढच्या फुंकीला आणखी.

“निघाला! आई, पोटाचंच आहे हे, डोक्याचं नाही. चलो, आता कुठं जायचं नाही तुला.” साठीला टेकलेला योगेंद्र हुंदका आवरू शकला नाही.

“मी काय निराळे सांगत होते? रडतोस काय दवाखान्यात!”

त्याचे डोळे पुसायला बाईंनी पदराचे टोक हाती घेतले. ते बोटांना चिकटले. मधाचा डाग होता. त्यात तुळशीचे एक पान वाळले होते.

पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. घेऊन पदराला हात पुसलेला. केव्हा घेतले, ते त्यांना काही केल्या आठवेना.

डॉक्टर विनीता अहवालावर सही करायला वाकल्या होत्या. बाईंनी पदराचे ते टोक कागदावर ठेवले.

“आकडे खोडा. उद्याची वेळ द्या.”

“आई, काहून?”

बाईंनी ते पान सोडवून त्याच्या तळहातावर ठेवले.

“उद्याची पूजा तू करशील,” त्या म्हणाल्या.