सहाच्या ठोक्याला

सहाच्या ठोक्याला एव्हर्टनने बस डेपोत घातली. फाटकावरच्या रखवालदाराने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अर्धी फेरी टाकून आलास की काय?"

"पुरी करून आलोय. घड्याळ लावून घे माझ्यावरून."

बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. लंडनच्या मधल्या भागात मोटार न्यायची तर त्या सोमवारपासून रोज पाच पौंड पडणार होते. निम्मे मोटारवाले घरी बसले, उरलेले निमूट बसमध्ये चढले. ज्या पुलावर बस एरवी मुंगीच्या पावलांनी सरकायची, तिथून ती आज सुसाट निघाली होती.

एव्हर्टनची ड्यूटी सहाला संपायची, पण वाहतुकीतून सुटून घर गाठेपर्यंत साडेसात ठरलेले. त्याच्याशिवाय त्याची बायको व्हिनेट जेवत नसे. आपल्यापायी ही बाई रोज उपाशी ताटकळते, आणि चकार शब्द काढत नाही, हेच त्याला जास्त लागायचं. प्रवाशांच्या शिव्या तो हसून पचवायचा; हे पचत नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बायकोचं हे देणं आजपासून फेडायचं, असं ठरवून तो झपाझपा घरी निघाला.

घरात अंधार. चूल थंड. त्याने शेजारच्या गेनरबाईंचं दार ठोठावलं.

"चर्चच्या हॉलमध्ये असेल की," त्या म्हणाल्या. "या वेळी रोज तिथंच असते. तुला ठाऊक नाही?"

हॉलच्या बाहेरपर्यंत डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज येत होता. आत तीन पुरुषांच्या मध्ये व्हिनेट बाह्या सरसावून बसली होती. मागच्या फळीवर चषक मांडलेले. बहुतेकांवर तिचंच नाव.

"तू... माझी वाट बघत नसायचीस?"

"बघायचे ना. सातला घरी जायचे, भात टाकायचे, मग बघायचे." तिने सोंगटी दाणकन आपटली. तिघांनी कपाळाला हात लावला. "आता रोज असा वेळेवर येणार आहेस?"

"रोज," तो ठासून म्हणाला.

"बरं झालं. मग उद्यापासून भात तू टाक. मला यायला साडेसात होतील."